चाळीस मिनिटं

साहेब सहा मिनिटांत सुटले. गजर व्हायला अजून चौतीस मिनिटं होती.

साहेब म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, वय साडेचार महिने. जन्मल्या दिवशी त्याने आमच्या सगळ्यांकडे, फाइल उशिरा आणल्यासारखं पाहिलं होतं, म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. वहिनीने त्याला पुन्हा जवळ ओढलं. त्याने तोंड फिरवलं आणि पडद्याकडे बघून हसला. तिने त्याच्या तळपायाला टिचकी मारली. हा खेळ आहे असं समजून त्याने दुसराही पाय पुढे केला. तिने बाजू बदलली. तो पंख्याकडे बघत होता, म्हणून पंखा बंद केला. अकराव्या मिनिटाला तो रडायला लागला आणि पंधराव्या मिनिटाला वहिनी.

हे तिने मला नंतर, भांडी पुसताना सांगितलं. त्या वेळी दार बंद होतं आणि आम्ही बाकीचे पुढच्या खोलीत होतो. आईला जाऊन अकरा महिने झाले होते. त्यानंतर आम्ही पाच जण एका टेबलाशी जेवायला बसणार, असा तो पहिलाच रविवार. जेवण झाकून ठेवलेलं होतं, कारण वहिनीची चाळीस मिनिटं व्हायची होती.

चाळीस मिनिटांचा कागद त्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. आईचं अक्षर, बारीक आणि उभं. ‘दर अडीच तासांनी. एका बाजूला वीस मिनिटं, मग ढेकर, मग दुसऱ्या बाजूला वीस. एकूण चाळीस. त्याआधी सोडू नये. मध्येच झोप लागल्यास तळपायाला टिचकी.’ तो माझ्यासाठी लिहिलेला होता. माझी भिंगरी आठ दिवसांची होती तेव्हा. वहिनीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आईची तब्येत उतरणीला लागली होती. ती वहिनीला म्हणाली होती, “तू काळजी करू नकोस, कागद आहेच.” पुढे काय म्हणायचं होतं ते तिचं तिला ठाऊक. महिन्याभरात ती गेली.

साहेब आले त्या दिवसापासून वहिनी त्या कागदाबरहुकूम चालली होती. जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेल्या बाबांनी तिच्या उशाशी डोक्यावर दोन घंटा असलेलं एक गजराचं घड्याळ आणून ठेवलं. दर वेळी तेच किल्ली देत, काटा लावत आणि दार ओढून बाहेर येत. फोनवर वहिनी मला म्हणायची, “सगळं आईंच्या कागदाप्रमाणे चाललंय.” मला बरं वाटायचं. आपल्या आईचं काहीतरी त्या घरात अजून चालू आहे, एवढंच मी ऐकत होते.

*

दादा डबा घेऊन जिना चढला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, पण स्वतः कधी लिफ्टने येत नाही. दुधाच्या पावडरीचा तो डबा त्याने हत्यारांच्या पिशवीत, वायरच्या गुंडाळीखाली लपवला होता. बायको रोज पाच-सहा तास बंद दाराआड घड्याळाकडे बघत बसलेली त्याला बघवत नव्हती. सकाळी दोघांचं ठरलं होतं. आज दुपारी चाळीस झाली तर ठीक. नाही झाली तर डबा उघडायचा आणि अंगावर पाजणं कायमचं बंद करायचं. ठरवताना ती ‘हो’ म्हणाली होती, पण त्याच्याकडे न बघता.

दारातच आत्या उभी होती. आत्या बाबांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली तिने. ट्रंक कॉलसारखी तीन मिनिटं झाली की ती अजूनही कुणाचंही बोलणं मध्येच तोडते.

“आणलास?”

“हळू बोल ना, आत्या.”

“हळू काय हळू? चोरीचा माल आहे का? दे इकडे.”

तिने डबा सरळ जेवणाच्या टेबलावर, भाजीच्या पातेल्याशेजारी ठेवला. बाबा चष्मा पुसत होते. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला आणि त्यांना डबा दिसला.

“हे काय?”

“दूध,” दादा म्हणाला.

“घरात दूध आहे त्याला.”

“पुरत नाही, बाबा.”

“कोण म्हणतं?”

“ती म्हणते. रोज म्हणते. तुम्ही गजर लावून बाहेर येता, तुम्हाला ऐकू येत नाही.”

“कागदाप्रमाणे नीट केलं तर पुरेल. तुझ्या आईने दोघांना वाढवलंय. मापाने लिहिलंय तिने.”

“अरे, माप माणसासाठी की माणूस मापासाठी?” आत्या म्हणाली. “पोरगी अर्धी झालीय. उद्यापासून बाटली, संपला विषय.”

“ताई, तू मध्ये पडू नकोस.”

“मी मध्येच पडणार. तीस वर्षं मध्ये बसण्याचाच पगार घेतला मी.”

दादा हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी डबा उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आत्याने तो परत टेबलावर आणला. असं दोनदा झालं. दोघंही सत्तरीच्या पुढची.

मी ताटं पुसत बसले होते. खरं म्हणजे मी बाबांच्या बाजूला होते, आणि का होते ते मला नीट ठाऊक होतं. डबा उघडला असता तर तो कागद उद्या रद्दी झाला असता.

आतून गजर झाला. थोड्या वेळाने दार उघडलं. वहिनी साहेबांना खांद्यावर घेऊन आली. तिचे डोळे लाल होते आणि साहेब मात्र अगदी खुशीत तिच्या कानातलं ओढत होते.

“आटलंय,” ती म्हणाली. “सहा मिनिटं प्यायला. काल पाच. आधी दोन तास झाले की दगडासारखं भरून यायचं, आता मऊच असतं. काही राहिलेलं नाही माझ्यात. उघडा डबा.”

दादाने डबा हातात घेतला, पण झाकणाला बोट लावेना. बाबा म्हणाले, “सूनबाई, अजून एक आठवडा बघ.” आवाजात आर्जव होतं, आणि तेच वहिनीला जास्त लागलं.

“किती बघू, बाबा? मी अंगचोरी करत नाहीये. एक मिनिट कमी केलं नाही मी. तुमच्या गजराआधी उठले नाही कधी.”

*

तेवढ्यात भिंगरी बाल्कनीतून धावत आली. तिला बावीस महिने झालेत. तिने माझा सदरा वर केला, उभ्या उभ्याच प्यायला सुरुवात केली, पिता पिता एक डोळा वहिनीच्या खांद्यावरच्या बाळावर ठेवला, एक पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर. मग सुटली, स्वतःच सदरा खाली ओढला, “बंद” म्हणाली आणि आली तशी गेली.

“ही कॉलेजला जाईपर्यंत पिणार का गं?” आत्या म्हणाली.

“वसतिगृहात नाही गेली तर,” मी म्हणाले.

वहिनी माझ्याकडे बघत होती. “किती प्यायली ती आत्ता?”

“अर्धं मिनिट असेल.”

“आणि तुला चालतं?”

“वहिनी, ती बावीस महिन्यांची आहे. ती आता भुकेसाठी येतच नाही. मी जागेवर आहे की नाही हे बघून जाते.”

“पण ही साडेचार महिन्यांची होती तेव्हा? तेव्हा किती प्यायची?”

मी भाजीवरचं झाकण उगीच सारखं केलं. आठवत नव्हतं असं नाही. ती आठवण जिथे ठेवली होती तिकडे मी अकरा महिन्यांत गेले नव्हते.

वहिनी खुर्चीत बसली. “मला फक्त एवढं सांग, दुसरा कागद कुठे आहे? मी सगळी कपाटं पाहिली. आईंच्या पुस्तकांची पानंसुद्धा झटकली. याच्यावर लिहिलंय प्रमाण एक. म्हणजे प्रमाण दोन असणार ना? ते मिळालं असतं तर मला कळलं असतं, माझं चुकतं कुठे.”

“प्रमाण एक?” मी विचारलं.

“कोपऱ्यात लिहिलंय की. तू पाहिला नाहीस कधी?”

पाहिला होता. पण आई गेल्यानंतर नाही. या घरात दोनदा येऊन गेले होते, त्या कपाटाला हात न लावता. आता उठले, आत गेले आणि कपाटाचं दार उघडलं. उजव्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीने, ‘प्र. १’.

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले. आई एका छापखान्यात मुद्रितशोधक होती, बत्तीस वर्षं. कुठलाही मजकूर तिच्या हातात पहिल्यांदा आला की ती कोपऱ्यात तेच लिहायची. घरातल्या किराणा सामानाच्या यादीवर, माझ्या शाळेच्या निबंधावर, दादाच्या नोकरीच्या अर्जावर. एकदा तर बाबांनी वाढदिवसाला दिलेल्या पत्रावर. वहिनी या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. आईने कामाचा चष्मा त्याआधीच मिटून ठेवला होता. वहिनीला कोण सांगणार?

“वहिनी,” मी दारातून म्हणाले, “ते प्रमाण नाही. प्रूफ. पहिलं प्रूफ.”

“म्हणजे?”

“म्हणजे याच्यात दुरुस्त्या व्हायच्यात.”

दादाने डबा खाली ठेवला. आणि मग मला सांगणं भाग पडलं.

“भिंगरी पाच महिन्यांची होत आली होती, तेव्हा मीही रडत फोन केला होता आईला. म्हटलं, ही पाच मिनिटांत सोडते, माझं दूध गेलं. आई हसायला लागली. म्हणाली, अगं, शिशाचे खिळे जुळवणारा नवखा कंपोझिटर एक पान लावायला अख्खा दिवस घेतो. हात बसला की तासात लावतो. म्हणून काय त्याला उरलेला दिवस खिळ्यांसमोर बसवून ठेवायचं? भिंगरीला आता काम येतं. आणि तुझ्या अंगालाही अंदाज आलाय, लागेल तेवढंच करतं, उगीच साठवून ठेवत नाही. म्हणून मऊ लागतं. लंगोट ओले होतात ना? वजन वाढतंय ना? मग सुट्टी दे तिला.”

“हे तू मला का नाही सांगितलंस?” वहिनीने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

“तू म्हणायचीस, कागदाप्रमाणे चाललंय. मला ते ऐकायला आवडायचं.”

दादा उठून बाल्कनीच्या दाराशी गेला. “सकाळपासून मी सात लंगोट वाळत घातलेत,” तो म्हणाला, जणू आत्ताच मोजत होता.

“आणि वजन?” आत्या.

“वाढलंय. मंगळवारीच दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, उत्तम आहे.”

“मग?” आत्या दोघांवर कडाडली. “प्यायलाच नाही तर सात लंगोट ओले कुठून झाले? नळाखाली धरलं होतं का पोराला? आणि हे तू मला आत्ता सांगतोस? मला डबा आणायला लावलास!”

“तूच म्हणालीस डबा आण म्हणून!”

“मला अर्धीच माहिती दिली की मी जोडणी चुकीचीच देणार!”

आत्याची बाजू अशी फिरली. पण बाबा आपल्या जागेवर तसेच बसून होते.

“मला नाही सांगितलं तिने हे,” ते म्हणाले. “फोनचं. मला कधीच सांगितलं नाही. मला कागद दिला आणि म्हणाली, दाराला लावा.”

*

त्यांच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मी आता लिहू शकते, कारण पुढच्या महिन्याभरात त्यांनी ते मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आई गेल्यावर घरात त्यांना करायला काही उरलं नव्हतं. तिची औषधं नव्हती, तिचा चष्मा शोधायचा नव्हता. मग साहेब आले आणि कागदाने त्यांना काम दिलं. दिवसातून आठ वेळा काटा लावायचा. दर वेळी त्यांना वाटायचं, तिने सांगितलेलं आपण केलं. कागद चुकीचा ठरला तर हे सगळं चुकीचं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या दाराआड रडणाऱ्या सुनेला आपणच कोंडून ठेवलं.

“तू तर होतास तिथे,” आत्या त्यांना म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. “छापखान्याच्या बाहेर, बाकावर. हिला घेऊन रोज जायचास ना?” हिला म्हणजे मला.

“जायचो.”

“मग?”

बाबांनी चष्मा काढला. “दुपारी एकला तिची जेवणाची सुट्टी व्हायची,” ते म्हणाले. “दुकानाचं शटर ओढायचं आणि हिला घेऊन निघायचं. आत कागदाच्या रिमांची एक भिंत होती. तिच्यामागे ती पाजायची. मी बाहेर बाकावर, भिंतीवरच्या घड्याळाखाली. सुरुवातीला अख्खी सुट्टी त्यातच जायची. चाळीस मिनिटं. मी रिमांवरून हात घालून तिला पावाचे तुकडे द्यायचो. एका हातात पोर, एका हातात पाव, मांडीवर प्रूफ.”

“मांडीवर प्रूफ कसं? मांडीवर मी होते,” मी म्हणाले.

“तुझ्या पाठीवर. टेबल होतीस तू तिचं.” साहेबांनी एक हुंकार दिला. बाबांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली आणि पुढे बोलू लागले. “मग एक दिवस ती बाहेर आली. मी नुकताच बसलो होतो. म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, झालं तिचं. मी वर बघितलं, दहा मिनिटं. मी तर घाबरलो. संध्याकाळी दुकान बंद करून तुला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुला उलटसुलट बघितलं आणि मलाच विचारलं, तुम्हाला झोप लागते ना नीट?”

आत्या हसली. वहिनीही, नाक ओढत.

“त्यानंतर आम्हाला अर्धा तास मिळायला लागला. रोज. शेजारी बसून जेवायचो बाकावर. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण दुपारी एकत्र असे आम्ही तेव्हाच जेवलो. मग तुला दात आले. एक दिवस आतून अशी किंकाळी आली की फोरमनने मशीन बंद केलं, त्याला वाटलं कुणाचा हात गेला. मग तू चालायला लागलीस. मग बसून प्यायचं नाव नाही. यायचीस, दोन घोट घ्यायचीस, बाकाखाली जायचीस. तिथे एक मांजर होतं. तुझी आई मला म्हणायची, बघ, शिक्का मारून गेली. आणि एक दिवस तू गेलीच नाहीस तिच्याकडे. मांजराशीच बसलीस. घंटा झाली. तिने उघडलेलं बटण लावलं आणि म्हणाली, आज रजा दिसतेय. दुसऱ्या दिवशीही रजा. तिसऱ्या दिवशीही.”

“मग?” वहिनीने विचारलं.

“मग मी जाणं बंद केलं. कशाला जायचं? चार दिवसांनी दुकानात निरोप आला. छापखान्याचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला.” त्यांना ती पाठ होती. “पोरीला नको असेल तर नको. तुम्ही या.”

साहेब स्वतःच्या मुठीशी काहीतरी बोलत होते.

“दहा मिनिटं,” बाबा म्हणाले. “घड्याळाच्या खाली बसलो होतो मी. मीच दुरुस्त केलेलं घड्याळ. आणि मी या मुलीला चाळीस लावत बसलो.”

ते उठले, आत गेले. कपाटाचं दार वाजलं. त्यांना कागद काढायचाय हे आम्हाला कळलं, पण मी उठले नाही. उठली वहिनी.

“नका काढू, बाबा.”

“चुकीचा आहे तो.”

“चुकीचा नाही. आठ दिवसांच्या बाळासाठी बरोबर आहे. पहिल्या महिन्यात त्याच्यामुळेच तर सगळं जमलं. हा तळपायाला टिचकी मारल्याशिवाय जागा राहायचा नाही. आईंनी आठ दिवसांच्या बाळाला बघून लिहिलं. त्यांच्यासमोर तेवढंच होतं.” तिने उशाकडे बोट केलं. “घड्याळ मात्र न्या.”

“घड्याळ एका गिऱ्हाइकाचं आहे,” बाबा म्हणाले. “चार महिने झाले. रोज येऊन शिव्या घालून जातो.”

दादाला हसू आवरेना. भिंतीला टेकून तो हसत राहिला, मग आत्या, मग वहिनीही. शेवटी बाबाच घड्याळ काखेत मारून, अपराध्यासारखे, बाहेर आले.

*

अडीच वाजता साहेब कुरकुरायला लागले. वहिनी सवयीने खोलीकडे निघाली, दाराशी पोचली आणि परत फिरली. पुढच्या खोलीतल्याच खुर्चीत बसली आणि खांद्यावरून ओढणी घेतली.

सगळेजण एकदम कामाला लागले. आत्याने भाजीचं पातेलं गॅसवर चढवलं. दादाने डबा पिशवीत टाकला, मग काढून वरच्या फळीवर मागे ठेवला. मी ताटं मांडली. बाबा खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

साहेब घाईघाईने, मोठे घोट घेत पीत होते. आवाज येत होता. भिंगरीने चमचा पाडला तेव्हा त्यांनी मान वळवून पाहिलं, हनुवटीवरून दूध ओघळलं, परत वळले. आत्या काहीतरी म्हणाली, परत मान. वहिनीने त्यांना ओढलं नाही. थांबली. ते आपणहून परतले. मग दुसरी बाजू, ती त्याहून कमी. मग त्यांनी तोंड काढून घेतलं आणि छताकडे बघत दोन्ही मुठी उघडल्या.

वहिनीचा हात त्यांच्या तळपायापर्यंत गेला. मी पाहिलं. दादानेही पाहिलं. तिने तो पाय मुठीत नुसता धरून ठेवला, थोडा वेळ.

“झालं त्याचं,” ती म्हणाली.

“सात,” खिडकीतून बाबा म्हणाले.

“बाबा! घड्याळ कुठेय?”

“घड्याळ कशाला लागतं?” ते म्हणाले. ते आमच्याकडे वळले नाहीत, आणि आम्हीही त्यांना वळायला लावलं नाही.

वहिनीने साहेबांना आत्याच्या हातात दिलं, बटण लावलं, हात धुऊन आली आणि टेबलाशी माझ्या शेजारची खुर्ची ओढली.

“मला वाढा आधी,” ती म्हणाली. “केवढी भूक लागलीय.”